फेडरला कोणतं तेल घालावं?

मालेगावातल्या आमच्या मोहल्ल्यात कुठलंही यंत्र अडलं की पहिला प्रश्न एकच असतो, "तेल घातलं का?" पंखा किरकिरला, शिलाई मशीन जड झालं, सायकलची चेन वाजली, दाराची बिजागरी ओरडली, तेल घाला. ज्या गावात लूमची खडखड रात्रंदिवस चालते, तिथे घराघरात तेलाची कुप्पी असणारच. त्यामुळे लग्नाच्या हंगामात माझा एक जुना विद्यार्थी डीजेचा मिक्सर पिशवीत घालून घरी आला, तेव्हा मीही सवयीने तेच विचारलं.

"तेल घातलं म्हणूनच तर आलोय, सर," तो म्हणाला.

मला त्या यंत्रातलं काही कळतं म्हणून तो आला नव्हता. मिक्सरसोबत आलेलं इंग्रजी माहितीपत्रक वाचून त्याचा अर्थ सांगावा, एवढीच त्याची विनंती होती. तक्रार त्याने तोंडीच सांगितली. मिक्सरच्या पुढच्या बाजूला एक आडवी सरकपट्टी असते, तिला क्रॉसफेडर म्हणतात. ती डावीकडे सरकवली की एका बाजूचं गाणं ऐकू येतं, उजवीकडे सरकवली की दुसऱ्या बाजूचं आणि मध्ये ठेवली की दोन्ही. ही पट्टी जड झाली होती, खरखर करत होती. ज्या उस्तादाकडे तो काम शिकला, ते अशा वेळी शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब सोडायचे. यानेही तेच केलं. एक संध्याकाळ पट्टी लोण्यासारखी चालली. चार दिवसांनी एका हळदीच्या कार्यक्रमात, ऐन नाचाच्या वेळी, एका बाजूचा आवाज गायब झाला आणि मग मोठा ‘खर्रर्र’ झाला. यजमानांनी ठरलेले अर्धेच पैसे दिले. मिक्सरचे हप्ते मात्र पूर्ण जायचे होते.

एक कबुली देतो. हाच मुलगा नववीत असताना बाकावर बोटांनी ताल धरायचा. माझ्या मराठीच्या तासाला एकदा मी चिडून म्हणालो होतो, "पुढे जाऊन डीजे होणार आहेस का?" वर्ग हसला होता. तो डीजे झाला आणि अडला तेव्हा माझ्याकडेच आला. माहितीपत्रकात एवढंच लिहिलं होतं की फेडर स्वच्छ ठेवा आणि योग्य वंगण वापरा. योग्य म्हणजे कोणतं, हे त्यात नव्हतं. बी.एड.ला आम्हाला शिकवलं होतं की नवा पाठ सुरू करण्याआधी विद्यार्थ्याचं पूर्वज्ञान तपासावं. इथे तपासायचं होतं ते माझंच आणि ते शून्य होतं. मग मी वाचायला लागलो. जे हाती लागलं, तो एका पुर्जाचा इतिहास आहे. तो सांगितल्याशिवाय तेलाचा प्रश्न सुटत नाही.

आधी पुर्जा समजून घेऊ. फेडरच्या आत कार्बनचा थर दिलेली एक लांब पट्टी असते. तिच्यावरून धातूची बारीक बोटं घासत जातात. बोटं पट्टीवर कुठे टेकली आहेत, त्यावर किती आवाज पुढे जाणार हे ठरतं. ही बोटं ज्या ठोकळ्याला जोडलेली असतात, तो ठोकळा धातूच्या दांड्यांवरून सरकतो. म्हणजे एकाच डबीत दोन वेगळी कामं चालतात. दांड्यांवर नुसतं सरकणं आहे. कार्बनवर सरकणंही आहे आणि वीज वाहणंही आहे. बोट आणि कार्बन यांच्यामध्ये धुळीचा कण आला, चिकट थर आला किंवा गंज आला, की विजेचा प्रवाह क्षणभर तुटतो. तोच आपल्याला खरखर म्हणून ऐकू येतो.

ही सरकपट्टी नाचगाण्यासाठी जन्मलेली नाही. रेकॉर्डिंग स्टुडिओत पूर्वी आवाज कमी-जास्त करायला मोठमोठ्या गोल चकत्या असत. एका माणसाला एका वेळी दोन किंवा फार तर तीन चकत्या फिरवता येत. न्यूयॉर्कच्या अटलांटिक रेकॉर्ड्समधले ध्वनिअभियंते टॉम डाऊड यांनी १९५०च्या दशकात त्या जागी सरळ रेषेत सरकणारे फेडर आणले. तरुणपणी अणुबॉम्बच्या मॅनहटन प्रकल्पावर काम केलेला हा माणूस. त्याचा हिशेब साधा होता. सरकपट्ट्या शेजारी शेजारी बसवल्या तर दहा बोटांनी पियानोसारखं काम करता येईल. स्टुडिओत फेडर हळू सरकतो. गायकाचा आवाज थोडा वर, सारंगी थोडी खाली. त्या हाताला थोडा जडपणा हवाच असतो, म्हणजे पट्टी घसरत नाही आणि जिथे सोडली तिथेच थांबते. तो जडपणा कुठून येतो? दांड्यांवरच्या घट्ट ग्रीसमधून. वंगणाचं काम नेहमी यंत्र हलकं करण्याचंच असतं असं नाही, काही वेळा हाताला आवर घालणं हेही त्याचंच काम असतं. मला ही गोष्ट नवी होती.

पुढचा टप्पा क्लबचा. १९७०च्या सुमारास न्यूयॉर्कच्या क्लबांमध्ये दोन रेकॉर्डप्लेअर लावून एक गाणं दुसऱ्यात मिसळण्याची पद्धत रुजत होती. फ्रान्सिस ग्रासो हा त्यातला अग्रणी. त्याच्यासाठी ॲलेक्स रोझनर यांनी हातबांधणीचा एक मिक्सर तयार केला. हे रोझनर म्हणजे बालपणी आउशवित्झच्या छळछावणीतून वाचलेले ज्यू गृहस्थ. पुढे त्यांच्याच सल्ल्याने रुडी बोझॅक यांच्या कंपनीने क्लबसाठी मिक्सर काढला आणि तो वर्षानुवर्षं मोठ्या क्लबांचा मानदंड राहिला. पण त्यावर सरकपट्टी नव्हती, गोल बटणं होती. क्लबमधल्या डीजेला एक गाणं विरघळवून दुसऱ्यात न्यायचं असतं. त्याला घाई नसते. गोल बटण त्याला पुरतं.

घाई आली ती ब्रॉन्क्समधून. ब्रॉन्क्स म्हणजे न्यूयॉर्कचाच उत्तरेकडचा भाग. १९७०च्या दशकात तिथल्या अनेक वस्त्यांमध्ये इमारती जळत होत्या, मालक घरं सोडून जात होते, काळी आणि पोर्तो रिकन कुटुंबं मागे उरली होती. तिथल्या १५२० सेज्विक अव्हेन्यू या इमारतीत ११ ऑगस्ट १९७३ रोजी एका मुलीने, शाळा सुरू होण्याआधी नव्या कपड्यांचे पैसे जमवावेत म्हणून, तिकीट लावून नाचाचा कार्यक्रम ठेवला. गाणी लावायला तिचा भाऊ होता. क्लाइव्ह कॅम्पबेल, जमैकातून आलेला, पुढे कूल हर्क म्हणून ओळखला गेला. हिप-हॉपचा जन्मदिवस म्हणून जगभर हीच तारीख सांगितली जाते. हर्कच्या लक्षात आलं की गाण्यात जिथे फक्त ढोल वाजतो, तिथे पोरं सगळ्यात जास्त नाचतात. मग त्याने एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन प्लेअरवर लावून तो तुकडा लांबवायला सुरुवात केली.

हर्कला कल्पना सुचली, पण जोड नेमकी ताला‌त बसवण्याचं काम केलं जोसेफ सॅडलरने, म्हणजे ग्रँडमास्टर फ्लॅशने. जन्म बार्बाडोसचा, वाढला ब्रॉन्क्समध्ये, शिकला तिथल्या व्यावसायिक शाळेत इलेक्ट्रॉनिक्स. कचऱ्यात आणि भंगार गाड्यांमध्ये सापडलेले भाग घरी आणून तो जोडायचा. लोकांना ऐकू जाण्याआधी पुढची रेकॉर्ड स्वतःच्या कानात ऐकता यावी, म्हणून त्याने साध्या दुहेरी खटक्याने स्वतःची सोय केली. रेकॉर्डवर खडूने खूण करून तो घड्याळाच्या काट्यासारखी मोजून मागे फिरवायचा. हे वाचताना मला आमच्या गावातले मिस्त्री आठवत होते. एका लूमचा पुर्जा दुसऱ्याला बसवणारे आणि कागदावर एक ओळ न लिहिता सगळं यंत्र डोक्यात ठेवणारे.

मग १९७५च्या सुमारास थिओडोर लिव्हिंगस्टन नावाचा बारा-तेरा वर्षांचा मुलगा. त्यानेच सांगितलेली हकीगत अशी की तो खोलीत मोठ्याने गाणी लावून बसला होता, आई दारात येऊन रागावली, त्याने ऐकण्यासाठी फिरती रेकॉर्ड हाताने धरून ठेवली आणि धरल्या धरल्या मागेपुढे हलवली. तो ‘झिक झिक’ आवाज त्याला आवडला. त्यातून स्क्रॅच जन्मला. आईची बोलणी खाऊन जगाला एक नवा वाद्यप्रकार मिळाला, असं म्हणायला हरकत नाही. माझ्या नववीच्या वर्गातल्या बोलण्यातून मात्र काही निघालं नाही.

१९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात क्रॉसफेडर असलेले मिक्सर बाजारात आले. त्यांची रचना अजूनही ‘एक गाणं संपवा, दुसरं आणा’ याच हिशेबाने केलेली होती. गाण्याच्या शेवटी एकदा सरकवायची पट्टी. पण स्क्रॅच करणाऱ्या पोरांच्या हातात ती पडली आणि तिचा अर्थ बदलला. रेकॉर्ड एका हाताने पुढेमागे करायची आणि दुसऱ्या हाताने पट्टीने आवाज कापायचा. १९८०च्या दशकाच्या मध्यावर फिलाडेल्फियाच्या डीजेंनी आवाजाचे बारीक तुकडे करणारा ‘ट्रान्सफॉर्मर’ प्रकार गाजवला. १९९०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या फिलिपिनो वंशाच्या क्यूबर्टने ‘क्रॅब’ प्रसिद्ध केला. त्यात अंगठा एका बाजूला टेकवून चार बोटं एकामागून एक पट्टीवर सोडायची. एका झटक्यात आवाज चार वेळा कापला जातो. तबल्याचा हात पाहिलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही. स्टुडिओतली पट्टी दिवसभरात जितकी सरकत नसेल, तितकी ही एका कार्यक्रमात सरकते.

आता कार्बनचा तो पातळ थर आठवा. तो या माराला तयार केलेलाच नव्हता. थर झिजू लागला, झिजलेली भुकटी बोटांखाली जमू लागली, त्यात सभागृहाची धूळ, घाम आणि सांडलेलं सरबत मिसळलं. डीजेंना पट्टी हलकी हवी होती, म्हणून अनेकांनी आतलं घट्ट ग्रीस पुसूनच टाकलं. पट्टी हलकी झाली, पण कोरडी धातू कोरड्या कार्बनवर घासून आणखी लवकर मरू लागली. वंगण ठेवावं तर हात जड, काढावं तर पुर्जा मरतो. फेडरच्या तेलाचा सगळा वाद या एका अडचणीतून निघालेला आहे.

तेलवाल्यांचा इतिहास तर याहून जुना. अमेरिकेतल्या न्यू बेडफर्ड या व्हेलच्या शिकारीसाठी प्रसिद्ध बंदरात विल्यम नाय यांनी घड्याळांच्या तेलाचा धंदा वाढवला. शिशुक आणि पायलट व्हेल यांच्या जबड्यातून आणि डोक्यातून निघणारं तेल थंडीत गोठत नाही आणि लवकर चिकटही होत नाही, म्हणून घड्याळं आणि जहाजावरचे क्रोनोमीटर त्यावर चालत. दीड शतकापूर्वी ज्याच्या खिशात चांगलं घड्याळ असे, त्याच्या घड्याळात समुद्रातल्या जनावराच्या जबड्याचा थेंब असण्याची बरीच शक्यता होती. पुढे कृत्रिम तेलं आली आणि १९७२ साली अमेरिकेने सागरी सस्तन प्राण्यांच्या संरक्षणाचा कायदा केला. नाय यांची कंपनी कृत्रिम वंगणांकडे वळली. रेडिओच्या बटणाला किंवा फेडरला हाताला हवा तो जडपणा देणारी खास ग्रीसं बनवणाऱ्यांत तिचं नाव आहे. घड्याळाच्या तेलापासून आवाजाच्या बटणापर्यंतचा हा रस्ता एकाच धंद्यातून गेला.

दुसरी गोष्ट डब्ल्यूडी-४०ची. जगातल्या बहुतेक गॅरेजमध्ये हा डबा असतो. १९५३ साली सॅन डिएगोच्या रॉकेट केमिकल कंपनीत तो तयार झाला. नावातच त्याचं काम लिहिलेलं आहे. पाणी हटवणारं मिश्रण, चाळिसाव्या प्रयत्नात जमलेलं. ॲटलस क्षेपणास्त्राच्या पातळ पत्र्याला गंज चढू नये, हा त्याचा पहिला उपयोग. पत्र्यासाठी उत्तम, अडकलेल्या नटासाठीही उत्तम. पण ते मुळात फेडरच्या कार्बनसाठी केलेलं नव्हतं. मागे तेलकट थर राहतो, त्यावर धूळ बसते आणि आतलं मूळ ग्रीसही पातळ होऊन वाहून जातं. ‘सगळ्यावर चालतं’ असं ज्याच्याबद्दल म्हणतात, ते कशासाठी बनलं होतं हे एकदा विचारून घ्यावं.

तिसरी गोष्ट अशी की विजेच्या जोडांसाठीच केलेली द्रव्यंही निघाली. अमेरिकेतली केग लॅबोरेटरीज ही १९५६ पासूनची कंपनी. तिची ‘डिऑक्सिट’ मालिका ध्वनितंत्रज्ञांमध्ये ठाऊक आहे. त्यातही धातूच्या जोडांवरचा गंज काढणारं द्रव्य वेगळं आणि कार्बनच्या किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीवर घासणाऱ्या फेडरसाठीचं द्रव्य वेगळं, त्याचं नावच ‘फेडरल्यूब’. एकाच कंपनीला दोन बाटल्या कराव्या लागतात, यातच उत्तर आहे. साफ करणं हे एक काम आणि वंगण देणं हे दुसरं.

इकडे पुर्जाही बदलत गेला. इंग्लंडच्या पेनी अँड जाइल्स कंपनीने वीजवाहक प्लॅस्टिकच्या पट्टीचे टिकाऊ फेडर केले. विमानांचे फ्लाइट रेकॉर्डर बनवणारी ही कंपनी. तिचे फेडर डीजेंच्या मिक्सरमध्येही बसू लागले. काही मिक्सरमध्ये आवाज पट्टीतून नेणंच बंद झालं. पट्टी फक्त इशारा देते आणि आवाज वेगळ्या सर्किटमध्ये कमी-जास्त होतो, त्यामुळे खरखर कमी ऐकू येते. या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या रेन कंपनीने चुंबकावर चालणारे फेडर आणले. त्यांच्यात बोट कार्बनला टेकतच नाही, म्हणून झिजण्याचा प्रश्नच निघाला. नंतर ‘इनोफेडर’सारखे, जुन्या मिक्सरमध्ये बदलून बसवता येणारे बिनस्पर्शाचे फेडर आले. पण ठोकळा आजही दांड्यांवरूनच सरकतो. वीज गेली, घर्षण राहिलं. म्हणून तेलाचा थेंब त्यांनाही लागतोच, फक्त दांड्यांपुरता.

हा सगळा इतिहास मी का सांगतोय? फेडर बनवणाऱ्या कंपन्यांच्या तंत्रज्ञांना नवा फेडर कोणी करायला लावला, हे पाहा. ज्यांची शाळेतली मार्कं कोणी विचारली नाहीत, अशा वस्त्यांतल्या पोरांच्या बोटांनी. त्यांनी पुर्जा त्याच्या मर्यादेपलीकडे वापरला, तो मोडला, पुन्हा जोडला, पुन्हा मोडला. कारखान्यांना मागून यावं लागलं. यंत्रांच्या इतिहासात शोध लावणाऱ्यांची नावं असतात, वापरून वापरून यंत्राला शहाणं करणाऱ्यांची फारशी नसतात. मिरवणुकीत छाती दणाणून टाकणाऱ्या भिंतींबद्दलची माझी तक्रार कायम आहे, ती मी त्या मुलालाही सांगितली. पण ‘डीजेवाला’ हा शब्द मी ज्या सुरात उच्चारायचो, तो सूर मला आता जमत नाही.

मग एका रविवारी, जोहरच्या नमाजनंतर, आम्ही दोघं मिक्सर उघडून बसलो. वीज काढली, चार स्क्रू काढले, क्रॉसफेडर बाहेर घेतला. आतलं दृश्य पाहून मला अब्बा आठवले. शिलाई मशीनच्या तेलात रुईची तंतूतंतू भुकटी बसून काळा चिखल झाला होता. आमच्या गावाच्या हवेत रुई असतेच. अब्बा तीस वर्षं लूमवर होते. त्यांची कुप्पी फार जपून चालायची. तेल कमी पडलं तर माग अडतो, जास्त पडलं तर थेंब कापडावर उडतो आणि डाग पडलेल्या थानाचे पैसे कापले जातात. ते म्हणायचे, थेंब मोजून घाल, बाकीचं कुप्पीत राहू दे. माझ्या विद्यार्थ्याचेही पैसे तेलाच्या जास्तीच्या थेंबानेच कापले गेले होते.

आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने आम्ही चिखल काढला. हात हलका ठेवला, कारण कार्बनचा थर खरवडला की परत येत नाही. पेट्रोल, थिनर असली तेज द्रव्यं जवळही आणली नाहीत, ती प्लॅस्टिक खातात. पूर्ण वाळू दिलं. दांड्यांना प्लॅस्टिकला न चावणाऱ्या कृत्रिम वंगणाचा अगदी पातळ हात दिला आणि जास्तीचं पुसून घेतलं. कार्बनच्या पट्टीवर फक्त फेडरसाठीच असलेल्या द्रव्याचा थेंबभर पापुद्रा. पट्टी वीस-पंचवीस वेळा पुढेमागे करून पुन्हा पुसलं. ती पुन्हा हलकी झाली आणि खरखरही जवळजवळ गेली. पण डाव्या टोकाला आवाज अजून तुटत होता. भिंगातून पाहिलं तर तिथे कार्बन झिजून खालची पट्टी दिसत होती. त्यावर कोणतंही तेल चालत नाही. त्याने नवा फेडर मागवला आणि जुना सरावासाठी ठेवला.

गेल्या आठवड्यात तो मिठाई घेऊन आला. नवा फेडर बसला होता, दोन कार्यक्रम पार पडले होते. त्याने मला आपली पेटी उघडून दाखवली. आत दोन छोट्या बाटल्या होत्या आणि दोन्हींवर त्याच्या हाताने उर्दूत चिठ्ठ्या लावलेल्या. एकीवर ‘सफाई’, दुसरीवर ‘चिकनाई’. शिलाई मशीनचं तेल पेटीतून गेलं होतं, घरी अम्मीच्या मशीनकडे, जिथे त्याची खरी जागा होती. ‘सफाई’ त्याने स्वाद अक्षराऐवजी सीनने लिहिलं होतं. माझा हात सवयीने खिशातल्या लाल पेनाकडे गेला आणि मग मी मिठाईच्या डब्याकडे वळवला.